किरणोत्सर्गाची नोंद शेतकऱ्यानेंच ठेवावी

पावसाची नोंद ठेवणें हें शेतकऱ्याच्या हिताचें आहे, हें आज कोणास पटवून द्यावें लागत नाहीं. परंतु हवेंत, मातींत व पाण्यांत आणखी एक व्यापार अखंड चालू असतो, त्याची नोंद आपल्यापैकीं जवळजवळ कोणीच ठेवीत नाहीं. हा व्यापार म्हणजे किरणोत्सर्ग. तो डोळ्यांस दिसत नाहीं, नाकास कळत नाहीं, जिभेस लागत नाहीं. त्यामुळें एरवीं त्याचा विचारच होत नाहीं, आणि होतो तेव्हां एकदम घबराट होते. या दोहोंमधील शहाणपणाचा मार्ग मोजणीचा आहे. इंटरनेटला जोडतां येण्यासारखीं लहान मोजणीयंत्रें आतां कांहीं हजार रुपयांत तयार होऊं शकतात. तीं आपल्या सोसायटीनें निवडक गांवीं बसवावीं, आणि कसलेंही संकट समोर नसतां त्यांची नोंद आजच सुरू करावी, असें आमचें मत आहे. त्याचीं कारणें व रीति वाचकांपुढें मांडितों.

प्रथम भय दूर करूं. किरणोत्सर्ग हा केवळ अणुबाँबचा किंवा अणुभट्टीचा परिणाम नव्हे. आकाशांतून येणारे वैश्विक किरण, जमिनींतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम, आणि मातींतून वर निघणारा रेडॉन नांवाचा वायु यांच्यामुळें प्रत्येक मनुष्य जन्मापासून किरणोत्सर्गांत वावरत असतो. या नैसर्गिक किरणोत्सर्गाची जगांतील सरासरी दरमाणशीं वर्षास २.४ मिलिसीव्हर्ट धरितात, आणि त्यांतील निम्म्याहून थोडा अधिक वांटा एकट्या रेडॉनचा व त्याच्यापासून उत्पन्न होणाऱ्या द्रव्यांचा असतो. सर्व ठिकाणीं हें मान सारखें नसतें. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकांत युरेनियम व थोरियम फार थोडें असल्यामुळें येथील जमिनीचे किरण मंद आहेत. उलट केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू असल्यामुळें तेथील मान येथल्यापेक्षां कितीतरी अधिक भरतें.

इतकेंच काय, आपल्या गोदामांतील म्युरेट ऑफ पोटॅशचें पोतेंही किरणें सोडीत असतें. निसर्गांतील सर्व पोटॅशियममध्यें दहा हजार भागांत एका भागाहून किंचित् अधिक इतका अंश किरणोत्सारी असतो. त्या हिशेबानें पन्नास किलोच्या एका पोत्यांत दर सेकंदास सुमारें साडेसात लक्ष अणु फुटत असतात. तें पोतें आपण पिढ्यान् पिढ्या हाताळीत आलों आहों व त्यापासून कोणास अपाय झालेला नाहीं. मोठा आंकडा ऐकून घाबरूं नये आणि लहान आंकडा ऐकून निष्काळजी होऊं नये, हा धडा येथेंच घ्यावा. आंकड्यास अर्थ येतो तो तुलनेनें. आणि तुलना करण्यास मागील नोंद लागते.

आतां यंत्राविषयीं. १९२८ मध्यें गायगर व म्युलर या जर्मन शास्त्रज्ञांनीं तयार केलेली नळी आजही या कामाचा पाया आहे. विरळ वायूनें भरलेल्या बंद नळींत कांहीं शें व्होल्टचा दाब ठेवितात. एखादा किरण आंत शिरून वायूचे कण फोडतो, कीं क्षणभर विजेचा ठोका पडतो. हे ठोके मोजावयाचे, एवढेंच काम. पूर्वीं ते मोजण्यास माणूस बसवावा लागे. आज नाण्याएवढी एक इलेक्ट्रॉनिक चकती ते मोजते आणि घरांतील वायफायवरून किंवा मोबाईलच्या जाळ्यावरून दर मिनिटास दूरच्या नोंदवहींत लिहून ठेविते. शेतांतील सेन्सर मातीची ओल जशी मोबाईलवर कळवितो, तसाच हाही प्रकार आहे.

मात्र यंत्राच्या मर्यादा आधींच जाणून घ्याव्या. नळीवर मिनिटास सरासरी वीस ठोके पडत असले, तर एका मिनिटांत सोळा आणि पुढच्यांत चोवीस पडणें अगदीं स्वाभाविक आहे. एक मिनिटाचा आंकडा म्हणजे एका कणसावरून एकरी उतारा सांगण्यासारखें होय. तासाभराचे बाराशें ठोके मोजले म्हणजे ही चूक शेंकडा तीनवर येते. म्हणून तासाची सरासरी हीच खरी नोंद समजावी. दुसरें, ही साधी नळी किती किरण आले हें सांगते. ते सीझियमचे कीं पोटॅशियमचे हें सांगत नाहीं. तिसरें, धान्यांत, दुधांत किंवा पाण्यांत किरणोत्सारी द्रव्य अल्प प्रमाणांत आहे किंवा कसें, हें तिच्यानें ठरत नाहीं. त्यास प्रयोगशाळाच पाहिजे. गच्चीवरचें यंत्र राखणदाराचें काम करितें, न्यायाधीशाचें नव्हे. राखणदार हांक मारितो, पुढचा तपास इतरांनीं करावयाचा असतो.

येथें कोणी विचारील, सरकार हें काम करीत असतां आपण कां करावें? सरकार तें करीत आहे हें खरें, आणि त्याचें श्रेय दिलें पाहिजे. भाभा अणुसंशोधन केंद्रानें 'आयर्मॉन' या नांवाचें पर्यावरणीय किरणोत्सर्गाच्या मोजणीचें जाळें देशांत शेंकडों ठिकाणीं पसरलें आहे. अणुवीज केंद्रांच्या परिसरांत पर्यावरण पाहणी प्रयोगशाळा असतात आणि केंद्र चालू होण्याच्या आधींपासून त्या माती, पाणी, दूध, मासे यांचे नमुने तपासूं लागतात. ही शेवटची गोष्ट फार बोधप्रद आहे. तारापूरसारखें केंद्र उभारतांना खुद्द अणुखात्यासही आधींची नोंद हाताशीं असल्याशिवाय पुढें पाऊल टाकणें योग्य वाटत नाहीं. जी सावधगिरी खातें बाळगितें, तीच शेतकऱ्यानें आपल्या शिवारापुरती बाळगावी, यांत खात्यावर अविश्वास कोठें आला? तलाठ्याच्या दप्तरीं सात-बारा असतोच. तरीही शहाणा खातेदार आपल्या घरीं उतारा जपून ठेवितो. हद्दीचा वाद निघाला म्हणजे ज्याच्याजवळ जुना कागद असतो त्याचें बोलणें ऐकलें जातें.

शिवाय देशाच्या जाळ्याचे डोळे देशाच्या मापाचे असतात. राज्यांत 'महावेध' योजनेंतून २०१७ पासून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं राहिलीं. तरी मंडळांतील एका टोंकाचा पाऊस दुसऱ्या टोंकास लागू करितात, ही तक्रार पीकविम्याच्या वेळीं आपण ऐकतोंच. किरणोत्सर्गाचेंही तसेंच आहे, आणि पावसाशीं त्याचा संबंध आपल्याला वाटतो त्याहून निकटचा आहे. याचें सर्वांत कडू उदाहरण इंग्लंड व वेल्समधील मेंढपाळांचें.

२६ एप्रिल १९८६ रोजीं सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिल येथें अणुभट्टी फुटली. सोव्हिएत सरकारनें प्रारंभीं मौन धरिलें. २८ तारखेस स्वीडनमधील फोर्समार्क अणुवीज केंद्रांत एका कामगाराच्या जोड्यांवर किरणोत्सारी धूळ असल्याचें तेथील तपासणीयंत्रानें दाखविलें, आणि मग जगास कळलें कीं कोठेंतरी मोठा अपघात झाला आहे. राजधानीनें जें लपविलें तें दाराशीं बसविलेल्या एका यंत्रानें उघड केलें. पुढें तो ढग पश्चिमेकडे सरकला, आणि मे महिन्याच्या आरंभीं ब्रिटनच्या पश्चिमेकडील डोंगरांवर पाऊस पडला तेव्हां ढगांतील सीझियम त्या पावसाबरोबर कुरणांवर उतरलें. अपघाताची जागा तेथून दोन हजार किलोमीटरांहून दूर होती. जवळच्या कित्येक कोरड्या मुलुखांपेक्षां दूरच्या ओल्या डोंगरांवर अधिक द्रव्य पडलें. ज्यांचीं शेतें आपल्या घाटमाथ्याला लागून आहेत त्यांनीं या गोष्टीचा विचार करावा.

जून १९८६ मध्यें तेथील मेंढ्यांच्या विक्रीवर निर्बंध घातला गेला. तो तीन आठवड्यांत उठेल असें शास्त्रज्ञांस वाटलें होतें. शेवटचा निर्बंध उठावयास २०१२ साल उजाडलें. अंदाज चुकला याचें कारण मातींत होतें. सखल भागांतील चिकण माती सीझियम घट्ट धरून ठेविते व तें गवतांत फारसें चढत नाहीं; डोंगरावरील कुजट, आंबट मातींत तें मोकळें राहातें आणि गवतावाटे पुनः पुनः मेंढीच्या अंगांत जातें. डोंगरची माती व कुरणें यांविषयीं मेंढपाळांस जी माहिती होती ती कोणी विचारली नाहीं. कंब्रिया परगण्यांत तर आणखी एक वाद उठला. तेथें जवळच विंडस्केलचें अणुकेंद्र असून १९५७ मध्यें तेथें आग लागली होती, व भोंवतालच्या मुलुखांतील दूध कांहीं आठवडे ओतून द्यावें लागलें होतें. आपल्या डोंगरावरील विष चेर्नोबिलचें किती आणि विंडस्केलचें किती, असें शेतकरी विचारूं लागले. त्यांचें समाधान होईल अशी १९८६ पूर्वींची त्या कुरणांची नोंद त्यांच्यापुढें कोणी ठेवूं शकलें नाहीं. ज्या वर्षीं गरज पडते त्या वर्षीं मागच्या वर्षाची नोंद तयार करितां येत नाहीं, हें या प्रकरणाचें सार आहे.

हे सर्व परदेशचें, असें म्हणून सोडून देण्यासारखें नाहीं. त्याच अपघाताचा वाद आपल्या मुंबईच्या दारीं आला होता. आयर्लंडहून आलेलें लोणी येथील दुग्ध योजनेंत वापरलें जात असतां, तें चेर्नोबिलच्या धुळीनें दूषित आहे असा आक्षेप घेऊन प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत व तेथून सर्वोच्च न्यायालयांत गेलें. न्यायालयानें तज्ज्ञांची समिति नेमिली. समितीनें लोणी निर्धोक असल्याचा अभिप्राय दिला व १९८८ मध्यें तें प्रकरण संपलें. निकाल कोणास आवडला वा न आवडला, यांत आम्ही शिरत नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं दुधासारख्या रोजच्या जिनसेवर असा प्रश्न उभा राहिला म्हणजे सर्व वाद आंकड्यांवर येऊन ठेपतो, आणि ते आंकडे उत्पादकाच्या हातीं नसतात. उद्यां असा आक्षेप आपल्याच दुधावर, द्राक्षांवर वा आंब्यावर आला, तर आपल्याजवळ दाखवावयास काय आहे?

आक्षेप खोटा असला तरी भाव पडतोच, याचा दाखला जपानचा. मार्च २०११ मध्यें फुकुशिमा येथील अपघात झाला. वारा कोणीकडे वाहणार याचें सरकारी गणित तयार होतें. पण तें वेळेवर गांवांपर्यंत पोंचलें नाहीं, आणि नामिए गांवचे कित्येक लोक नेमके ज्या दिशेनें धूळ गेली तिकडेच आसऱ्यास गेले. त्यानंतर तेथील स्वयंसेवकांनीं 'सेफकास्ट' नांवाची संस्था काढून स्वतः गायगर यंत्रें जोडलीं, मोटारींवर लावून रस्तोरस्तीं फिरविलीं व सर्व मापें इंटरनेटवर खुलीं केलीं. शेतकऱ्यांनीं आपल्या परीनें याहून कठीण काम केलें. वनस्पतींच्या मुळांस सीझियम हें पोटॅशियमसारखेंच वाटतें. म्हणून खाचरांत पोटॅश भरपूर दिलें म्हणजे भातांत सीझियम कमी चढतें. ही युक्ति तेथें मोठ्या प्रमाणावर अंमलांत आली. २०१२ पासून त्या प्रांतांतील भाताची तीस किलोची प्रत्येक पिशवी, वर्षास सुमारें एक कोटी पिशव्या, यंत्राखालून तपासून जाऊं लागली. किलोमागें १०० बेक्वेरेल ही मर्यादा. २०१५ च्या पिकापासून एकही पिशवी तिच्यावर गेली नाहीं. २०२० पासून बहुतेक भागांत नमुन्यांची तपासणी पुरेशी मानली गेली. एवढें होऊनही त्या तांदळाचा भाव पूर्ववत् व्हावयास वर्षें लागलीं. विश्वास एका दिवसांत जातो आणि नोंदीच्या एकेका ओळीनें परत येतो.

आपल्याकडे जैतापूरची गोष्ट ताजी आहे. राजापूर तालुक्यांतील माडबन येथें ९,९०० मेगावॅटचें अणुवीज केंद्र योजिलें असून, त्यासाठीं फ्रेंच कंपनीशीं २०१० मध्यें करार झाला. एप्रिल २०११ मध्यें साखरी नाटे येथें आंदोलनाच्या वेळीं पोलिसांच्या गोळीबारांत एक मच्छीमार मृत्युमुखीं पडला. भट्टी अद्याप उभी नाहीं. हापूसचें काय होईल, मासळीचें काय होईल, यावर दोन्ही बाजूंनीं पुष्कळ बोललें गेलें. प्रकल्प व्हावा कीं होऊं नये यावर प्रस्तुत लेखांत मत देण्याचें कारण नाहीं. पण जो बागाईतदार त्याच्या बाजूचा असेल त्यालाही आणि जो विरुद्ध असेल त्यालाही एक गोष्ट सारखीच उपयोगी आहे: आज, भट्टी नसतांना, आपल्या बागेंत मान किती आहे याची पांच-दहा वर्षांची अखंड नोंद. पुढें कांहीं वाढलें तर ती नोंद साक्ष देईल. कांहींच वाढलें नाहीं तर तीच नोंद आंब्याचा भाव राखील.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, पुण्याजवळ अणुवीज केंद्र नाहीं. खरें, पण तुर्भ्याच्या संशोधन भट्ट्या पुण्याहून सरळ रेषेंत सुमारें ११० किलोमीटर व तारापूर सुमारें २०० किलोमीटरांवर आहे, आणि दोन हजार किलोमीटरांची कथा वर सांगितलीच आहे. शिवाय धोका भट्टीपासूनच येतो असें नाहीं. २०१० मध्यें दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारांत विद्यापीठाचें एक जुनें उपकरण कोबाल्टसह विकलें गेलें व त्यांत एका माणसाचा जीव गेला.

दुसरा आक्षेप, अशा यंत्रांनीं अफवा वाढतील. हा आक्षेप गंभीर आहे व त्याचें उत्तर ज्ञानानेंच द्यावें लागेल. पावसाची पहिली जोरदार सर आली कीं यंत्राचा आंकडा चढतो. हवेंत तरंगणारीं रेडॉनपासून झालेलीं द्रव्यें पावसाबरोबर खालीं येतात, म्हणून असें होतें. त्यांचें अर्धायुष्य अर्ध्या तासाहूनही कमी असल्यामुळें पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत आंकडा आपोआप उतरतो. पुढें जमीन भिजली म्हणजे मातींतील किरण पाण्यानें अडतात व आंकडा नेहमींपेक्षां किंचित् खालींही जातो. ज्यास हें ठाऊक नाहीं तो मृगाच्या पहिल्या पावसांतच गांव जागें करील; ज्याच्याजवळ शेजारींच पर्जन्यमापकाची नोंद आहे तो शांत राहील. म्हणून पर्जन्यमापकावांचून हें यंत्र बसवूंच नये.

तिसरा आक्षेप खर्चाचा. ज्या सोसायट्या खताची, औषधांची व बियाण्यांची सामुदायिक खरेदी करितात, त्यांस चार-पांच यंत्रांचा खर्च जड नाहीं. खरा खर्च पैशाचा नसून चिकाटीचा आहे. यंत्र बसविणारे पुष्कळ मिळतात. तिसऱ्या वर्षीं त्याचें वहीखातें ठेवणारा मिळणें कठीण. ज्यास हें जमणार नसेल त्यानें आरंभच करूं नये, कारण तुटक नोंद पुराव्याच्या वेळीं उलट अंगलट येते.

तेव्हां आमची सूचना अशी. आरंभ पुण्यांत कर्वेनगरपासून करावा. हें पूर्वींचें हिंगणें बुद्रुक. १९०० मध्यें अण्णासाहेब कर्वे यांनीं आपला आश्रम येथें आणिला, तेव्हां हें मुठेकांठचें शेतीचें गांव होतें. आज शेतांच्या जागीं इमारती आहेत. परंतु त्याच संस्थेचें मुलींचें अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून येथें चालू आहे, आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या अशा विद्यार्थिनींस हें यंत्र जोडणें व त्याची देखभाल करणें हा अभ्यासाचाच भाग होऊं शकेल. एक यंत्र कर्वेनगरांत ठेवून, दुसरें खडकवासल्याजवळ, तिसरें पानशेतकडे, आणि चौथें-पांचवें घाटमाथ्यालगतच्या सभासदांच्या शेतांत असावें. मुठेच्या खोऱ्यांत थोड्या अंतरांत पाऊस कितीतरी पटींनीं वाढत जातो. पाऊस आणि किरणोत्सर्ग यांचा संबंध तपासण्यास याहून सोयीची ओळ शोधून सांपडणार नाहीं.

बसवितांना नियम पाळावे. यंत्र उघड्या जागीं, जमिनीपासून सुमारें एक मीटर उंचीवर असावें; शहरांत गच्चीवाचून इलाज नसेल तर तशी नोंद करावी, कारण गच्चीचा आंकडा व शेताचा आंकडा एकमेकांशीं ताडून चालत नाहीं. खताच्या कोठारापासून व दगडी भिंतीपासून तें दूर असावें. एकदां बसविल्यावर जागा बदलूं नये. इंटरनेट बंद पडलें तरी नोंद बुडूं नये म्हणून यंत्रांतच एक प्रत राहावी, आणि महिन्याची सरासरी, सर्वांत मोठा व सर्वांत लहान आंकडा आणि त्या दिवशींचा पाऊस हे हातानें वहींतही उतरवावे. वर्षांतून एकदां यंत्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत पाठवून त्याचें माप ताडून घ्यावें. आंकडा नेहमींच्या कक्षेबाहेर गेला तर तीन प्रश्न विचारल्याशिवाय तोंड उघडूं नये: पाऊस पडत होता काय? शेजारच्या गांवच्या यंत्रानेंही तेंच दाखविलें काय? यंत्रांत बिघाड तर नाहीं? तिन्ही उत्तरें मिळूनही शंका उरली तर प्रथम जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावें. आणि सर्व आंकडे, कंटाळवाणे आंकडेसुद्धां, सर्वांस खुले ठेवावे. सोयीचे आंकडे छापून गैरसोयीचे दडविणाऱ्याची नोंद कोणीही प्रमाण मानीत नाहीं, मग तो सरकार असो कीं सोसायटी.

किरणांस शेतकऱ्यानें परकें मानण्याचें कारण उरलेलें नाहीं. लासलगांवास २००२ पासून गॅमा किरणांचें केंद्र उभें आहे, आणि २००७ पासून अमेरिकेस जाऊं लागलेला आपला आंबा अशा किरणांखालून जाऊनच परदेशच्या बाजारीं पोंचला. त्यानें आंबा किरणोत्सारी होत नाहीं, हें आपणच गिऱ्हाइकास समजावून सांगतों. जी शक्ति आपण व्यापारास जोडली तिची मोजदाद दुसऱ्यावर सोंपवून स्वस्थ बसणें हें जबाबदार खातेदारास शोभणारें नाहीं. येत्या मृगापूर्वीं पहिलीं यंत्रें जागेवर बसलीं, तर पहिल्या सरीची नोंद आपल्या हातीं राहील. सोसायटीच्या पुढील सभेंत हा विषय घ्यावा, आणि ज्या सभासदांची जागा व चिकाटी दोन्ही असतील त्यांनीं आपलें नांव चिटणिसांकडे द्यावें, अशी आमची विनंति आहे.